बसली म्हणायचं नाय

पैठण रोडवर ट्रॅक्टरला टँकर जोडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. नव्हता म्हणून तर उजव्या हाताची दोन बोटं दांडी आन् हुकाच्या मधी चेपली. कुणी धरला असता तर वाचली असती.

हीच बोटं घेऊन मी चितेगावला जैनबखालाकडं कामाला लागलो. शिक्षणाचं विचाराल तर मी दुसरीत बसलो तो बसलोच. मास्तर बदलले, फळा बदलला, मी आपला खिडकीखाली तिथंच. शेवटी मास्तरच म्हणले, बबन, आता ऊठ बाबा, नायतर तुझं पोरगं तुझ्याशेजारी येऊन बसंल. तिथून उठलो आन् ट्रॅक्टरवर बसलो. म्हणजे माझ्या आयुष्यात बसणं हेच मोठं काम. आन् खालाच्या आवारात नेमका तोच शब्द बंद झाला, तोबी माझ्यामुळं.

ती दुष्काळाची सालं होती. जायकवाडीचं पाणी इतकं मागं सरलं होतं की बुडालेल्या गावांची देवळं उघडी पडली होती आन् लोकं तिथं चपला घालून फिरत होती. इकडं शहर मात्र थांबायला तयार नाय. बीड बायपासच्या पल्याड, सातारा-देवळाईच्या अंगानं, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत बिल्डिंगा. बिल्डिंगीत चकचकीत नळ, नळाला नुसती हवा. त्या हवेच्या जागी पाणी न्यायचं काम आमचं. खालाच्या विहिरीला त्या सालातसुदिक झरा होता. गावात लोकं म्हणायची, बाईनं काहीतरी करून ठेवलंय. काय करून ठेवलंय हे कुणी सांगत नव्हतं, पण मान सगळे हलवायचे. मीबी हलवायचो, आन् संध्याकाळी तिच्याच घरचा चहा प्यायचो.

खाला उंच, हाडकुळी. पांढरी ओढणी कानामागं खोचलेली, हातात बाभळीची काठी. कशाकडंबी बघायची तर डावा डोळा अर्धा मिटून. आधी मला वाटलं नजर कमी असंल. मंग कळलं, नजर गरजंपेक्षा जास्त होती. अर्धा डोळा ती मेहरबानी म्हणून मिटायची. तिचा कशावरच भरवसा नव्हता. स्वतःच्या विहिरीचं पाणी रोज सकाळी चाखून बघायची, रातोरात बदललं असलं तर? लग्नाची पत्रिका आली की आधी नवरीकडं विचारायची, मंग नवरदेवाकडं, आन् दोन्हीकडची तारीख जुळली तरी म्हणायची, "मिलके बोल रहे." कोंबडा आरवला तरी घड्याळ बघायची, आन् घड्याळ बघितलं की कोंबड्याकडं.

कुणी चिडलं तर तिचं ठरलेलं उत्तर होतं. "खरं असंल तर तपासल्यानं झिजत नाय."

मी झिजत होतो ती गोष्ट वेगळी.

आता तो शब्द. कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. खाला भाचीच्या लग्नाची बोलणी करायला सिल्लोडला गेलेली. माझी बायको सुमन, तिला शहरात बहिणीकडं जायचं होतं. म्हटलं, चल, मडगार्डवर बस, ऐटीत सोडतो. मागं खालाचा दीर रशीदभाई उभा होता. मी ट्रॅक्टर मागं मागं घेतलं, टँकरची दांडी हुकाला टेकल्याचा आवाज आला. आता पिन टाकायची होती, ती रशीदभाई टाकील असं मी धरून चाललो. मान न वळवता विचारलं, "बसली का?"

मी विचारलं पिनीचं. रशीदभाईनं बघितलं सुमनकडं. ती पदर सावरून मडगार्डवर टेकलेली. तो म्हणला, "बसली, बसली. जाव."

मी गेलो. बायपासपर्यंत ट्रॅक्टर असं पळालं की काय सांगू. चढाला गिअर बदलावा लागला नाय. सुमनला म्हणलो, बघ नवऱ्याचा हात. म्हणलो, ह्या पंपावरचं डिझेल एक नंबर हाय, आता इथंच भरत जाऊ. सुमनचं तोंड मागं होतं. मागं टँकर नाय हे तिला पहिल्या वळणापासून दिसत होतं. पण नवऱ्याच्या कामात तोंड घालू नये असं तिला तिच्या आईनं शिकवलेलं. ती आई पुढं मला भेटली तवा मी तिच्या पाया पडलो नाय.

कॉलनीत पोचलो. बाया हंडे, टब, बादल्या घेऊन रांगेत. मी झोकात ट्रॅक्टर वळवलं, रस्त्याच्या कडंला लावलं, हात वर करून म्हणलो, चला, पाइप धरा. एक म्हातारी कंबरंवर हात ठेवून मागं जाऊन बघून आली.

"कशाला धरू?" म्हणली. "तुझ्या शेपटीला?"

खाला सिल्लोडहून आली. आरडाओरडा काय नाय. टँकर आवारात आपल्या घोडीवर उभा होता. घोडी म्हणजे दांडीखालचा लोखंडी पाय. तिनं आधी रशीदभाईला बाजूला घेऊन विचारलं, मंग मला, मंग सुमनला बोलावून घेतलं. तिघांची बोलणी जुळली तवा तिला जास्तच शंका आली. शेवटी काठी जमिनीवर टेकवून म्हणली, "बसली म्हंजे काय रे? बाई बसती. मुर्गी बसती. घसा बसतो, धंदा बसतो. माझ्या आवारात 'बसली' म्हणायचं नाय. पिन दिसती का नाय, ते सांगायचं."

तवापासून नवीन रीत. टँकर कायम सपाट जागेवरच जोडायचा. दांडी हुकात गेली की ट्रॅक्टर बंद करून खाली उतरायचं. पिन वरून टाकायची, आन् पिनीच्या बुडाला जी तारेची चाप असती, ती लावायची, म्हणजे पिन उडी मारून वर येत नाय. दांडीखालून साखळी घ्यायची, तिला वळायपुरती ढील ठेवायची, पण जमिनीला घासंल इतकी नाय. मंग घोडी वर. प्रत्येक वस्तूला हात लावून मोठ्यानं म्हणायचं, पिन दिसली, चाप दिसली, साखळी दिसली. शाळेत पाढे म्हणले नाय ते सगळे इथं फिटले. एवढं झालं की खाला म्हणायची, एक वीत पुढं चल, थांब. मी थांबायचो. ती काठी टेकवत खाली वाकायची, दांडीखाली डोकं घालायची, आन् मी जे जे दिसलं म्हणलो ते ते पुन्हा बघायची.

मी एकदा म्हणलो, खाला, मी आत्ताच तर बघितलं. ती म्हणली, "तू बघितलं ना? म्हणूनच मी बघते."

रोजच्या रोज हे. गावातले ट्रॅक्टरवाले रस्त्यानं जाताना ओरडायचे, "बबन, दिसली का रे?" माझी एकच इच्छा राहिली होती. कधीतरी एक दिवस तिनं न वाकता मला नुसतं म्हणावं, जा. बस, एवढंच. ड्रायव्हर माणसाला दुसरं काय पायजे.

आता माझ्या डोक्यात किडा शिरला तो आवारातल्या लिंबाच्या झाडामुळं. त्या झाडाच्या फांदीला एक जुना, वाकडा लोखंडी हुक टांगलेला होता. तांबूस-काळे डाग. खाला त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. मी एकदा त्याला डबा अडकवला तर काठीनं डबा खाली पाडला. आन् खालाच्या मालकांचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मी रशीदभाईला हळूच विचारलं, भाई, खालाचे मालक कशानं गेले? रशीदभाईच्या तोंडात पान. त्यानं नुसती हनुवटी वर केली आन् लिंबाकडं बघत राहिला. मला काय ते कळलं.

आता मी दुसरी नापास माणूस, पण दोन गोष्टी जोडायला काय लागतं. हुक वाकडा, डाग तांबूस, बाई पिन बघितल्याशिवाय जाऊ देत नाय. म्हणजे त्या दिवशी मालक मागं पिन टाकत असणार, ट्रॅक्टरवर कोण होतं ते देवाला माहीत, कुणीतरी "बसली" म्हणलं असणार, आन् ट्रॅक्टर सुटलं असणार. मी हे चहाच्या टपरीवर सांगितलं. पहिल्यांदा "असणार" म्हणून सांगितलं, दुसऱ्यांदा "असणार" काढून टाकलं. पुढं पुढं ट्रॅक्टरवर खुद्द खालाच बसली. मालक शेवटी तिच्याकडं बघून काय म्हणले तेबी मी सांगायला लागलो, आन् सांगताना माझाच गळा भरून यायचा. ऐकणारा चहा पाजायचा.

तवापासून ती वाकली की मला भीतीबी वाटायची आन् दयाबी यायची. मी ती रोजची झडती तोंड पाडून सहन करायचो, कुणाच्या दुखवट्याला उभं राहावं तसा.

त्याच उन्हाळ्यात खालाच्या ट्रॅक्टरचं इंजिन कामाला काढलं. तोवर रशीदभाईचं ट्रॅक्टर घेतलं. ते मोठं धूड, मागची चाकं माझ्या खांद्याएवढी, त्याचा हुक आमच्या हुकापेक्षा चांगला वर. टँकर जोडला तर नाक वर करून उभा राहिला, सोयऱ्यांवर रुसल्यासारखा. खालानं अर्धा डोळा मिटला. हे मला पटत नाय, म्हणली. पण कॉलन्यांतून फोनवर फोन. शेवटी म्हणली, सावकाश ने.

डोंगराच्या पायथ्याला एक नवी कॉलनी होती. तिथले सेक्रेटरी कुलकर्णी वकील. घराणं मूळचं पैठणकडलं, आजोबा-पणजोबांनी पंचांग आन् कुलकर्णीपण केलेलं, आता हे कोर्टात. बुटका माणूस, शर्टाच्या खिशात बॅटरी. ते टँकर आल्यावर शिडीनं वर चढायचे, झाकण उघडायचे आन् बॅटरी मारून आत बघायचे. आमच्या टँकरचं झाकण पुढच्या अंगाला. त्या दिवशी त्यांनी आत बघितलं, मंग वरूनच माझ्याकडं बघितलं, आन् सगळ्या बायांसमोर म्हणले, "बबनराव, उरलेलं पाणी कुठं विकलंत?"

मला कुणी राव म्हणायची ती पहिली वेळ, आन् ती अशी.

त्यांनी खालाला फोन केला. पाणी कमी येतंय, असंच चाललं तर दुसरा टँकर लावू. त्यांचं बघून बाकीच्या कॉलन्याबी लावतील हे खालाला माहीत होतं. मी आवारात परत आलो तवा खाला काठी घेऊन उभी. मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली, सुमनची घेतली. ती म्हणली, शपथा जास्त झाल्या. मी म्हणलो, रशीदभाईनं भरतानाच कमी भरला असंल. रशीदभाई म्हणला, वकीलच खोटा असंल. खाला आम्हा दोघांकडं बघत राहिली, आन् त्या दिवशी मला आवारातला चहा मिळाला नाय. गावात सांजच्याला बातमी: बबन रस्त्यात पाणी विकतो. ज्या टपरीवर मी गोष्ट सांगून चहा प्यायचो, तिथं लोकं माझ्याकडं बघून मान हलवायला लागली. मान हलवणं काय असतं ते मला तवा कळलं. सुमननं भाकरी वाढताना विचारलं, "खरंच नाय ना इकलं?" बाकीच्यांचं काय नाय, पण तिनं विचारल्यावर मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी टँकर खालानं स्वतः उभं राहून भरला. भरायचं तोंड मागच्या अंगाला, तिथवर काठोकाठ. आन् मला धरायला म्हणून स्वतः मडगार्डवर चढून बसली, तोंड मागं, नजर टँकरवर. मडगार्डवर माणूस बसवायचं नाय हा नियम तिनंच सुमनच्या किस्स्यानंतर काढलेला. मी आठवण दिली. ती म्हणली, नियम माणसासाठी हाय, चोरासाठी नाय.

अख्ख्या रस्त्यानं मी मान सरळ ठेवली. थुंकायला सुदिक वळलो नाय, उगा शंका नको. डोंगराचा चढ लागला आन् स्टिअरिंग हातात हलकं झालं. इतकं हलकं की फिरवतोय तरी ट्रॅक्टर सरळच. बघतो तर पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर. हुक उंच, ओढ उंच, मागून टँकरचं ओझं. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर बसायला लागलं. मी स्टिअरिंग सोडून देवाला हात जोडले. पाठीत काठी बसली.

"हात कायकू जोडता? क्लच दबा!"

क्लच दाबला, चाकं धप्पकन खाली आली. ब्रेक धरला. खाला उतरली, टँकरच्या चाकामागं दगड लावला, थोडा वेळ त्या वर गेलेल्या नाकाकडं बघत राहिली. मंग म्हणली, आता मी चालत येते, तू लहान गिअरमधी मुंगीसारखा चल. कॉलनीत पोचेस्तोवर ती टँकरच्या बाजूनं, हातात दगड घेऊन चालत होती. बायांना वाटलं, मला मारायलाच आणलाय.

कुलकर्णी वकील वर चढले. झाकण उघडलं, बॅटरी मारली, आन् म्हणले, "आजही कमी."

आता खालानं भरताना बघितलेलं, रस्ताभर बघितलेलं. तिनं काठी उचलली. टँकरला पुढून काठी मारली: ठण्ण. मधी मारली. मागं मारली: थप्प, भरल्या माठासारखं. पुन्हा पुढं आली, पुन्हा मागं गेली. मंग वकिलाकडं वर बघून म्हणली, "चोरी नाय झाली, वकीलसाब. नाक वर हाय. पानी पिछे जाके बसलंय."

ती "बसलंय" म्हणली. मी ऐकलं. पण तो दिवस मी तोंड उघडायचा नव्हता.

वकील म्हणले, "हे तुमचं म्हणणं झालं. सिद्ध करा."

खाला म्हणली, "करते." आन् मी पहिल्यांदा बघितलं, तिचा दुसराबी डोळा अर्धा मिटला, तिला तो माणूस आवडला होता.

वर-खाली होणारा हुक घ्यायला आम्ही मोंढ्याकडच्या एका दुकानात गेलो. मी आदल्या दिवशीच तिथं जाऊन चौकशी करून आलो होतो, म्हणजे शहाणपणा केला होता. ह्या हुकाचं असं असतं: ट्रॅक्टरच्या मागं एक जाड उभी पट्टी, तिला वरून खाली भोकांची रांग, हुक पायजे त्या भोकावर न्यायचा आन् दोन बोल्टांनी आवळायचा. दुकानदारानं एक काढला. चांदीसारखा चमकत होता. म्हणला, "ताई, हा कोणत्याबी ट्रॅक्टरला बसतो, कोणत्याबी ट्रॉलीला बसतो."

खाला म्हणली, "जे सगळ्याला बसतं ते कुणाचंच नसतं. किती ओझं ओढतो?"

"खूप ओढतो."

"खूप कितना?"

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. खालानं हुक उलटा केला, पालटा केला, ओझ्याचा आकडा कुठं ठोकलाय का बघितलं. नव्हता. केसातली पिन काढली आन् जोडाच्या जागी रंग खरवडला. रंगाखालून पांढरी लांबी निघाली, रंगारी भोकं बुजवायला भरतात ती. वेल्डिंग कमी पडलं तिथं लांबी भरून रंग मारलेला. मंग तिनं बाजाराच्या पिशवीतून टँकरची पिन काढून काउंटरवर ठेवली. हातभर लोखंड बघून दुकानदार मागं सरला. पिन हुकाच्या भोकात टाकून हलवली, खडखड वाजली. "ये तो झूला है," म्हणली. "चढावर पिन अशी नाचली तर भोक खाईल, नायतर स्वतः तुटंल."

मी मधी पडलो. म्हणलो, खाला, दिसायला चांगलाय. तिनं माझ्या खिशाकडं बघितलं. खिशातून लाल टोपी बाहेर आलेली, दुकानाचं नाव असलेली. आदल्या दिवशी दुकानदारानं दिली होती, हा हुक घ्यायला लावला तर अजून एक देतो म्हणला होता.

"टोपी केव्हा घातली रे यांनी तुला?"

दुकानातली माणसं हसली. मी टोपी काउंटरवर ठेवली. दुकानदारबी हसला, आन् आतून एक काळा, खडबडीत हुक घेऊन आला. अंगावर ओझ्याचा आकडा ठोकलेला, जोड सगळीकडून भरलेला, आन् पिन भोकात सरळ, न खडखडता गेली. खालानं तोबी खरवडून बघितला. साखळी घेतली ती प्रत्येक कडी बोटानं मोजल्यासारखी चाचपून.

आवारात हुक लावला तवा मी म्हणलो, टँकर रिकामाय तवाच उंची बघून घेऊ, सोपं पडंल. ती म्हणली, "रिकाम्याची उंची खोटी असती. तुला जेवायच्या आधी बघितलं तर वाटंल का, किती भाकरी लागतील?" भरून बघितला. काठीला लाल चिंधी बांधली, टँकरखालच्या लोखंडी दांड्याला पुढून लावली, मंग मागून. पुढं चिंधी खाली राहिली, म्हणजे नाक अजून वर. बोल्ट काढले, हुक एक भोक खाली, पुन्हा काठी. अजून एक भोक खाली. रशीदभाई म्हणला, आता नाकच खाली करून टाकू, पुरी भीती जाईल. खाला म्हणली, नक्को. नाक खाली गेलं की सगळं ओझं हुकावर येतं, आन् ट्रॅक्टरची पुढची चाकं पुन्हा हलकी. चिंधी पुढं-मागं एकाच उंचीला आली तवा तिनं बोल्ट आवळायला सांगितले. मी आवळले. मंग तिनं आवळले. माझ्यानंतर ते अर्धा आटा अजून फिरले.

कॉलनीत गेलो. चढावर चाकं जमिनीवर. वकील शिडीनं वर चढले, झाकण उघडलं. पाणी झाकणाच्या गळ्यापर्यंत, डुचमळून थोडं त्यांच्या बुटावर आलं. माझी छाती फुगली. बाया माझ्याकडं बघत होत्या. मी वाट बघतोय, आता वकील म्हणतील, बबनराव, चुकलं.

वकिलांनी बॅटरी बंद केली. म्हणले, "आज भरलेला आहे. म्हणजे काल नव्हता, हे तर आता सिद्धच झालं."

मी रडायचा बाकी होतो. खाला मात्र काठी टेकवून उभी, तोंडावर हसू. परत येताना म्हणली, "ये आदमी सही है." गावातल्या टपरीवर ती स्वतः गेली, पहिल्यांदाच, आन् एवढंच म्हणली की पाणी बबननं नाय विकलं; त्याला विकायला जमलं नसतं. सुमनला ते पुरलं. मलाबी पुरवून घ्यावं लागलं.

पुढं कितीतरी वर्षं ती दोघं एकमेकांवर शक घेत सुखानं राहिली. ती निघताना पिन बघायची, तो पोचल्यावर पाणी बघायचा, मधल्या रस्त्यात मी. वकिलांना मी मालकांची गोष्ट सांगितली, पार रडून. तवापासून ते खालाशी हळू आवाजात बोलायला लागले. ईदेला त्यांच्या घरून करंज्यांचा डबा यायचा. खाला पहिली करंजी बकरीला घालायची, थोडा वेळ बकरीकडं बघायची, मंग स्वतः खायची.

मंग त्या कॉलन्यांना पाइपलाइन आली. खालाच्या विहिरीच्या बाजूनं प्लॉट पडले, पांढऱ्या दगडांच्या रांगा थेट आवाराच्या भिंतीपर्यंत. तिनं ट्रॅक्टर रशीदभाईला देऊन टाकलं. मी दुसऱ्या मालकाकडं गेलो. तिथं कुणी वाकून बघत नव्हतं. पहिल्या दिवशी मी टँकर जोडला, खाली उतरलो, मोठ्यानं म्हणलो, पिन दिसली, आन् नवा मालक म्हणला, कुणाला सांगतोस?

परवा चितेगाववरून टँकर घेऊन चाललो होतो. म्हणलो, खालाला भेटून जावं. आवारात लिंबाखाली बाज टाकलेली. खाला आता लई थकली, मोतीबिंदू वाढलेला, दोन्ही डोळे दुधाळ. आवाजावरून ओळखलं. सुमन कशी हाय, विचारलं. वकील बरे हायत का, विचारलं. मंग म्हणली, टँकर लावलाय ना मागं? हात दे.

मी हात धरला. ती काठीनं वाट काढत ट्रॅक्टरच्या मागं आली आन् खाली वाकली. मी म्हणलो, खाला, राहू द्या, आता तुम्हाला दिसत नाय. ती ऐकंना. बोटांनी हुक चाचपला, बोल्ट चाचपले, साखळी उचलून तिची ढील बघितली. बोटं पिनीवरून खाली गेली आन् थांबली. चाप नव्हती. सकाळी हरवली होती. तिच्या जागी मी खिळा वाकवून घातला होता. तिनं तो खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. घरातून जुनी चाप मागवली आन् स्वतःच्या हातानं लावली.

मला भरून आलं. एवढ्या वर्षांचं मनातलं तोंडावर आलं. लिंबावरचा तो वाकडा हुक अजून तिथंच होता. म्हणलो, "खाला, मला माहीत हाय तुम्ही असं काहून करता. तुमच्या मालकांचं त्या हुकानं जे झालं, ते माणूस जलमभर इसरत नाय."

खाला बाजंकडं चालता चालता थांबली.

"कोणत्या हुकानं?"

"लिंबावरच्या."

"वो? वो तो बकरा टांगनेका हुक है. बकरी-ईदचा." ती बाजंवर टेकली, काठी मांडीवर आडवी ठेवली. "आन् मालक कावीळनं गेले, दवाखान्यात, पलंगावर. तूच ती गोष्ट साऱ्या कॉलनीला सांगितली ना? वकील सांगत होता. मी म्हटलं, सांगू दे, करंज्या तर येतात."

मी लिंबाकडं बघितलं, मंग तिच्याकडं. शेवटी एवढंच विचारलं, मंग इतकी वर्षं तुम्ही रोज वाकून बघत होता, ते कशापायी?

तिनं माझा उजवा हात ओढून घेतला आन् ती दोन चपटी बोटं चाचपली, मघाशी पिन चाचपली होती तशीच.

"पहिल्या दिवशी तू म्हणला, टँकर जोडण्यात माझा हात धरणारा कुणी नाय. आन् सलाम करायला हाच हात वर केला. म्या मोजली बोटं."